आक्षेप क्रमांक अकरा मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. प्रादेशिक अधिकारी,
चित्रपट तपासणी कार्यालय,
दुसरा मजला, जुनी इमारत (लिफ्ट बंद असलेली बाजू).

विषय : 'वर्दी की चौथी गोली' या हिंदी चित्रपटातून कापलेला ४७ सेकंदांचा भाग नष्ट न करता मला एकदा दाखवण्याबाबत, व त्यासाठी माझाच आक्षेप क्र. ११ मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझे गेल्या वर्षीचे आक्षेपपत्र (एकूण आक्षेप १७).
२) त्यावरील आपले उत्तर : आक्षेप क्र. ११ मान्य, उरलेल्या सोळांची "नोंद घेतली".
३) खिडकी क्र. ३ वर मी आजवर मारलेल्या फेऱ्या (एकूण ९) व तिथे मिळालेली तोंडी उत्तरे.

महोदय,

१. प्रथम अक्षराबद्दल माफी असावी. माझी यापूर्वीची पत्रे आपल्या फायलीत आहेत व ती सर्व टपोऱ्या, वळणदार अक्षरात आहेत. हे पत्र तसे नाही. खिडकी क्र. ३ वरील कारकुनांनी गेल्या खेपेस माझा कच्चा अर्ज उलटासुलटा धरून पाहिला आणि "आजोबा, हे टाइप करून आणा" असे सांगितले. त्याप्रमाणे टाइप करणाऱ्याकडे गेलो. परंतु मजकूर सांगताना परिच्छेद सातच्या पुढे मला बोलता येईना, म्हणून त्याला अर्ध्या कामाचे पैसे देऊन उठलो आणि घरी बसून हातानेच लिहीत आहे. मजकूर लांबला आहे, याची जाणीव आहे. पण आपल्या सूचनाफलकावरील यादीप्रमाणे सदर भाग या महिनाअखेरीस नष्ट केला जाणार आहे (यादीतील अनुक्रमांक ६२). थोडक्यात लिहावे, मग आपण खुलासा मागवावा, मग मी तो द्यावा, एवढा वेळ आता उरलेला नाही.

२. मी पोलीस खात्यात एकतीस वर्षे नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झालो. त्यांपैकी शेवटची एकोणीस वर्षे मुद्देमाल खोलीत काढली. गुन्ह्यात जप्त केलेली वस्तू, मग ती तलवार असो की तुटकी चप्पल, तिला चिठ्ठी बांधायची, लाख लावून सील करायचे, नोंदवहीत चढवायची आणि कोर्टाचा हुकूम येईपर्यंत कोणाच्या हाती लागू द्यायची नाही, हे माझे काम. ठाण्यात मला सगळे 'कुलूप' म्हणत. मला त्याचा राग येत नसे. एकोणीस वर्षांत माझ्या खोलीतून टाचणी हरवली नाही. उंदरांनी खाल्लेले साखरेचे एक पोते तेवढे कमी भरले, आणि त्याचाही पंचनामा आहे.

३. निवृत्तीनंतर मी घरी बसून घरच्यांना नियम शिकवू लागलो, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या जावयाला दया आली. माझी की माझ्या पत्नीची, हे त्याने स्पष्ट केले नाही. तो चित्रीकरणाचे दिवे वाहण्याचे काम करतो. त्याच्या ओळखीने मला सदर चित्रपटासाठी 'पोलीस सल्लागार' म्हणून बोलावणे आले. चित्रपट संघटित गुन्हेगारीविरुद्ध पोलिसांनी दिलेल्या लढ्याचा होता. निर्माते फरशांचे व्यापारी, आणि दिग्दर्शक त्याआधी लग्नाचे व्हिडिओ काढणारे. संघटित गुन्हेगारी एकंदर सात माणसांची होती व पोलीसही तेच सात. सकाळी ते गणवेश घालून टोळीच्या मागे धावत, जेवणानंतर गणवेश उतरवून स्वतःच्याच पुढे पळत. एका दृश्यात एक मनुष्य स्वतःलाच बेड्या घालतो, हे आपल्या सदस्यांच्याही नजरेला आले असेल. जीप एकच होती. तिला पुढे एक क्रमांक व मागे दुसरा, म्हणजे येताना ती पोलिसांची आणि जाताना टोळीची. चित्रीकरण एका बंद पडलेल्या शाळेत चालले होते. त्यामुळे आयुक्तांच्या भिंतीवर शहराचा नकाशा म्हणून जो टांगला होता तो माणसाच्या पचनसंस्थेचा तक्ता होता. आयुक्त यकृतावर छडी टेकवून "गँग यहाँ छुपी है" असे सांगतात आणि सगळे अधिकारी मान डोलावतात.

४. माझ्या सल्ल्याचे काय झाले ते लिहून आपला वेळ घेत नाही. डोक्यावर टोपी नसताना सलाम करत नाहीत, हे मी पहिल्या दिवशी सांगितले. दिग्दर्शक म्हणाले, "अंकल, फील बघा." फील म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगितले नाही. सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून इन्स्पेक्टरने एका दमात एकतीस गोळ्या झाडल्या, मी मोजल्या. नावात चौथीच गोळी का, तेही विचारले. तिसऱ्या दिवसापासून मला कोणी काही विचारीना. मग मी झाडाखाली खुर्ची टाकून सगळ्या चुका तारीखवार डायरीत उतरवू लागलो. एवढे मला येते.

५. नववा दिवस. हा परिच्छेद कृपया सावकाश वाचावा. त्या दिवशी म्हाताऱ्या हवालदाराचे काम करणारा नट आला नाही, कारण त्याला दुसऱ्या ठिकाणी न्यायाधीशाचे काम मिळाले होते. दिग्दर्शक मला म्हणाले, "अंकल, तुम्हीच बसा ना. काही करायचंच नाहीये, नुसते बसा." मला गणवेश दिला (नाटक कंपनीच्या पेटीतला, बटणे टपाल खात्याची), टोपी दिली आणि मुद्देमालाच्या टेबलावर बसवले. समोर नोंदवही होती. ती कोरी होती, म्हणून मी बसल्या बसल्या रकाने आखून घेतले. दृश्य असे : टोळी निसटल्याची खबर येते, भोंगा वाजतो, इन्स्पेक्टर "सब गाड़ियाँ निकालो" असे ओरडत माझ्या टेबलासमोरून धावत जातो (गाडी एकच होती, हे वर आलेच आहे), आणि मी उठून कडक सलाम ठोकायचा.

माझी पत्नी रोज दीड वाजता माझा डबा घेऊन येत असे. तिथले जेवण तेवीस माणसांत अकरा ताटे असे येई, आणि मी दुसऱ्याच्या ताटाकडे बघणारा मनुष्य नाही. एरवी ती फाटकाशी थांबे. त्या दिवशी फाटकावरचा माणूस गुंड म्हणून आत पळत होता, त्यामुळे तिला अडवायला कोणी नव्हते. ती सरळ आत आली. भोंगा वाजत होता, इन्स्पेक्टर धावत होता, कॅमेरा चालू होता. तिने डबा नोंदवहीवर ठेवला. माझ्या डोक्यावरची टोपी स्वतःच्या हाताने काढून बाजूला ठेवली. आणि म्हणाली (शब्द जसेच्या तसे देत आहे), "आधी दोन घास खाऊन घ्या. चोर काय, उद्याही असतील."

दिग्दर्शकांनी 'कट' म्हणेपर्यंत ४७ सेकंद गेले. मग ते टाळ्या वाजवत पुढे आले आणि "आंटी, हेच ठेवणार, एकदम खरं वाटतंय" असे म्हणाले. पत्नी पदर तोंडाला लावून हसत होती. मी मात्र रागावलो होतो. एकतीस वर्षांत ड्युटीवर माझ्या टोपीला कोणी हात लावला नव्हता, आणि इथे तेवीस माणसांदेखत लागला. "ड्युटीवरच्या माणसाच्या टोपीला हात लावायचा नसतो, एवढं कळत नाही?" असे मी तिला म्हणालो. हे मी कॅमेरा थांबल्यावर म्हणालो की चालू असताना, ते मला आज आठवत नाही. या अर्जाचे मूळ तिथेच आहे.

६. चित्रीकरण संपल्यावर कळले की चित्रपटाच्या सुरुवातीला 'पोलीस सल्लागार' म्हणून माझे नाव मोठ्या अक्षरात येणार आहे. माझे जुने सहकारी तो चित्रपट पाहणार, पचनसंस्थेत लपलेली टोळी पाहणार आणि मग माझे नाव वाचणार, या विचाराने माझी झोप उडाली. म्हणून डायरीवरून मी सतरा आक्षेप काढले आणि आपल्या कार्यालयास पाठवले. त्यातला अकरावा असा होता :

"ठाण्यात कर्तव्यावर असलेल्या हवालदाराच्या डोक्यावरील टोपी एक अनधिकृत खासगी महिला, जिची ओळख पटलेली नाही व जिचा सदर हवालदाराशी कोणताही कार्यालयीन संबंध नाही, काढून घेते, मुद्देमाल नोंदवहीवर खाद्यपदार्थ ठेवते, व शासकीय कामात अडथळा आणते. गणवेशाची अप्रतिष्ठा करणारा सदर भाग वगळावा."

आपल्या समितीने चित्रपटातील एकेचाळीस खून राहू दिले. टोळीच्या म्होरक्याला क्रेनवरून खाली फेकतात, ते राहू दिले. एकतीस गोळ्या, स्वतःला घातलेल्या बेड्या, यकृत, सगळे जागच्या जागी आहे. आणि डबा तेवढा कापला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. परंतु समितीला दोष देऊन उपयोग नाही, कारण फाशीची मागणी माझीच होती. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

७. आपला निर्णय झाला त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात माझी पत्नी वारली. दुपारी दोरीवर कपडे वाळत घालून आत आली, खुर्चीवर बसली आणि पाणी मागितले. मी पाणी घेऊन येईपर्यंत सगळे संपले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. तिच्या मांडीवर कपड्यांचे दोन चिमटे होते.

८. सहा आठवड्यांनी चित्रपट लागला. माझी मुलगी इस्पितळात परिचारिका आहे. तिने रजा टाकून तिकिटे काढली. आक्षेप मान्य झाल्याचे आपले पत्र घरी आले होते व मी ते वाचलेही होते. तरी गेलो. सरकारी निर्णयाची अंमलबजावणी एवढ्या लवकर कुठे होते, अशी माझी भाबडी समजूत होती. सभागृहात आम्ही धरून चौदा माणसे होती. भोंगा वाजला, इन्स्पेक्टर "सब गाड़ियाँ निकालो" म्हणाला आणि दुसऱ्या क्षणी जीप रस्त्यावर होती. मला वाटले, आपला डोळा लागला. मुलीला विचारले, "आई येऊन गेली का?" ती पडद्याकडेच बघत होती. म्हणून पुढच्या खेळाची तिकिटे काढून पुन्हा बसलो, आणि त्या खेळाला डोळ्याची पापणी लवू दिली नाही. जीप पुन्हा रस्त्यावरच होती.

९. आमच्या घरी पत्नीचे फोटो आहेत; नाहीत असे नाही. पण घरात फोन धरून सगळ्यांचे फोटो काढणारी तीच, त्यामुळे ती स्वतः त्यांत क्वचित सापडते, आणि सापडते तिथे श्वास रोखून उभी असते. ती चालते, बोलते, हसते असे एकच चित्र या जगात काढले गेले, आणि ते आपल्या कार्यालयातील कपाटात बंद पाकिटात आहे.

निर्मात्यांकडे चौकशी केली नाही, असे समजू नये. तीन वेळा गेलो. फरशांच्या दुकानात मला आदराने बसवले, पाणी दिले आणि सांगितले की हार्ड डिस्क पुसून तिच्यावर आता विनोदी चित्रपट भरला आहे. संकलक भेटला. तो डोके खाजवत म्हणाला, "अंकल, त्यात एक म्हातारा हसतो असं आठवतंय. पण त्या महिन्यात माझ्या हाताखालून तीन हवालदार गेले. तुम्हीच होता का, सांगता येत नाही." मी त्याला विचारले, डबा उघडला होता का? त्याने हात जोडले.

१०. आता खिडकी क्र. ३. नऊ फेऱ्यांचा तपशील तारखांसह सोबत जोडला आहे, त्यामुळे इथे सारांश देतो. पहिल्या खेपेस सांगण्यात आले की कापलेला भाग फक्त अर्जदारास, म्हणजे निर्मात्यास मिळतो. मी अर्जदार नसून आक्षेपक आहे, आणि निर्माते अर्ज करायला तयार नाहीत. दुसऱ्या खेपेस, "आजोबा, तुमच्याच तक्रारीवर कापलंय. तुमचं काम तर झालं ना? आता काय हवंय?" हे बोलणारा कारकून उद्धट नव्हता, त्याला खरोखरच समजत नव्हते. तिसऱ्या खेपेस खिडकी बंद होती. चौथ्या खेपेस आशा निर्माण झाली : दृश्यात दिसणाऱ्या व्यक्तींची ना-हरकत आणल्यास विचार होईल. माझी ना-हरकत मी तिथेच लिहून दिली. "आणि बाईंची?" असे विचारले. मी मृत्यूचा दाखला ठेवला.

पाचव्या खेपेस सांगण्यात आले की दाखला ठीक आहे, पण तो या बाईंचाच हे कशावरून? मी म्हणालो, माझी पत्नी आहे. कारकुनांनी फाईल उघडली, माझेच पत्र काढले आणि बोट ठेवून वाचून दाखवले : "जिची ओळख पटलेली नाही व जिचा सदर हवालदाराशी कोणताही कार्यालयीन संबंध नाही." खाली माझी सही होती. मी म्हणालो, कार्यालयीन नाही, पण घरचा आहे. ते म्हणाले, "मग तसं लिहायचं होतं." सहाव्या खेपेस लग्नाचा दाखला नेला. सातव्या खेपेस सांगण्यात आले की त्यावरचा फोटो एकोणीस वर्षांच्या मुलीचा आहे आणि दृश्यातली बाई साठीची; तेव्हा दोन्ही एकच असल्याचे दृश्य पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. मी म्हणालो, मग पाहू या. ते म्हणाले, पाहायला ओळख पटलेली लागते. आठव्या खेपेस मी कारकुनांवर ओरडलो, त्याबद्दल नवव्या खेपेस जाऊन माफी मागितली. त्यांनी ती स्वीकारली आणि मला नष्ट करायच्या वस्तूंची यादी दाखवली.

११. महोदय, मी त्या कारकुनांची तक्रार करत नाही. त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी एकोणीस वर्षे बसलो आहे.

आमच्या ठाण्यात एक शिंपी येत असे. त्याचा भाऊ एका मारामारीत गेला होता आणि भावाची छत्री मुद्देमालात जमा होती. शिंपी दर महिन्याला यायचा. छत्री द्या म्हणायचा नाही. "नुसती बघू द्या," म्हणायचा. मी सांगायचो, बघण्याचा नियम नाही. द्यायचा आहे, न द्यायचा आहे, बघण्याचा नाही. तो दोन वर्षे आला. मग खटला निकाली निघाला, छत्री बेवारस म्हणून यादीवर चढली आणि इतर मालाबरोबर मी स्वतः मागच्या अंगणात जाळली. राखेचा पंचनामा केला. त्यानंतरच्या महिन्यात शिंपी आला तेव्हा मी त्याला पंचनाम्याची नक्कल दिली, तीही विनाशुल्क, आणि आपण फार चांगले वागलो असे मला वाटले. त्याने तो कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मला आता त्याचे दुकानही आठवत नाही, नाहीतर जाऊन भेटलो असतो. खिडकी क्र. ३ वर मला जेव्हा "नुसतं बघायचा नियम नाही" असे उत्तर मिळाले तेव्हा मी खिडकीच्या कट्ट्याला धरून उभा राहिलो. कारकुनांना वाटले मला चक्कर आली. त्यांनी आपली खुर्ची बाहेर पाठवली, याची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात घ्यावी, अशी माझी शिफारस आहे.

१२. अक्षराविषयी वर लिहिले होते, ते आता पूर्ण करतो. माझे अक्षर नोकरीभर असेच होते. वरिष्ठ म्हणत, कुलपाच्या नोंदी कुलपालाच उघडतात. म्हणून घरून जाणारा प्रत्येक अर्ज, रजेचा असो की पेन्शनचा, मी सांगायचा आणि पत्नीने लिहायचा, अशी आमची पद्धत होती. आपल्याकडील आक्षेपपत्रही तिच्याच हातचे आहे. कृपया फाईल काढून पाहावी. आक्षेप दहा संपून अकरा सुरू होतो तिथे समासात शाईचा एक ठिपका आहे. तिथे ती पेन टेकवून थांबली होती. तिने विचारले, "हेही लिहायचं?" मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. तिने लिहायला घेतले. मध्येच म्हणाली, "अनधिकृत आणि खासगी, दोन्ही कशाला? एक काहीतरी ठेवा." मी म्हणालो, दोन्ही राहू दे, वजन पडते. ती हसली. "ओळख पटलेली नाही" हे शब्दही तिनेच लिहिले आहेत. अक्षर तिथेही बिघडलेले नाही.

मी तिला तेव्हा 'राहू दे, हा नको' असे म्हणालो असतो, तर सोळा आक्षेपांनीही आपली फाईल भरली असती.

१३. सबब, माझ्या मागण्या खालीलप्रमाणे आहेत.

(अ) आक्षेप क्र. ११ मी बिनशर्त मागे घेत आहे. सदर महिला अनधिकृत नव्हती. तिची ओळख पटलेली आहे. डबा त्या वेळी तिथे असणे योग्य होते, कारण दीड वाजला होता. टोपीबाबत माझे म्हणणे नियमाप्रमाणे बरोबर होते, परंतु ते मला आता नको आहे.

(आ) यादीतील अनुक्रमांक ६२ नष्ट करण्यातून वगळावा. त्या जागी काही जाळणे आवश्यकच असेल तर माझे आक्षेपपत्र घ्यावे, असे लिहिणार होतो; पण त्यात तिचे अक्षर आहे, तेव्हा तेही ठेवावे.

(इ) सदर भाग मला एकदा दाखवावा. आपल्याच कार्यालयात, आपल्या माणसासमोर, मोबाईल बाहेर जमा करून. मुलगी सोबत येईल. तीही रांगेत उभी राहील. ४७ सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणार नाही व पुन्हा मागणार नाही. (हे शेवटचे वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिले आहे. बहुधा मी पुन्हा मागेन. तेव्हा नकार द्यावा.)

(ई) वरीलपैकी काहीच नियमात बसत नसेल, तर आपल्या कोणाही कर्मचाऱ्याने तो भाग नष्ट करण्यापूर्वी स्वतः एकदा पाहावा आणि मला एका प्रश्नाचे उत्तर कळवावे. टोपी काढल्यावर उरलेल्या सेकंदांत त्या हवालदाराने डबा उघडला का? माझ्या डायरीत त्या दिवसाच्या पानावर टोपी आहे, नोंदवही आहे, भोंग्याची वेळ आहे, बटणे टपाल खात्याची असल्याचेही आहे. मी जेवलो की नाही, ते नाही. संध्याकाळी डबा तिने नेहमीसारखा घासून पालथा घातला. तो रिकामा आला होता की भरलेला, मी पाहिले नाही आणि ती बोलली नाही. ऊन होते, आणि घर ते शाळा ती चालत आली होती. ज्याने तेवढे चालून डबा घेऊन आलेल्या बाईवर सगळ्यांदेखत आवाज चढवला तो मनुष्य मीच होतो, हे मला माहीत आहे. त्याआधी त्याने दोन घास तरी खाल्ले होते का, एवढेच मला हवे आहे. चोरांबद्दल ती म्हणाली ते खरे निघाले. ते अजून आहेत.

आपण यावर नियमाप्रमाणे निर्णय घ्याल याची मला खात्री आहे, आणि त्याचीच मला भीती वाटते.

आपला,
कालपर्यंत आक्षेपक, आजपासून अर्जदार,
(सही)
सेवानिवृत्त हवालदार, बक्कल नंबर ७१४,
मुद्देमाल खोली.

दिनांक : चालू महिन्याची एकोणीस तारीख (यादीतील तारखेस अकरा दिवस शिल्लक).

सोबत :
१) खिडकी क्र. ३ वरील नऊ फेऱ्यांचा तपशील, तारीखवार.
२) पत्नीच्या मृत्यूचा दाखला व आमच्या लग्नाचा दाखला (फोटोतील मुलगी तीच आहे).
३) डायरीतील नवव्या दिवसाच्या पानाची नक्कल.
४) मुलीचा जबाब, तिच्या सहीचा : आई डबा नेहमी स्वतः नेत असे.
५) पोस्टकार्ड एक. माझा पत्ता लिहिलेला आहे. मागील बाजूस "डबा उघडला : होय / नाही" असे छापून घेतले आहे, लागू नसेल ते खोडावे. उत्तर 'नाही' असले तरी कार्ड पाठवावे.